हेल्मेटखालची कातडी

युरोपात मोटारसायकलचे हेल्मेट विकायचे असेल तर ते आधी एका धातूच्या डोक्यावर चढवले जाते. हे डोके मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ५७ सेंटिमीटर घेराचे, मधल्या मापाचे डोके ४.७ किलो भरते. आत त्वरण मोजणारा सेन्सर बसवतात, पट्टा हनुवटीखाली आवळतात आणि ते सारे सेकंदाला ७.५ मीटर वेगाने पोलादी ऐरणीवर आदळवतात. गुरुत्वत्वरणाच्या २७५ पटींवर आकडा गेला की हेल्मेट नापास. या डोक्याला चेहऱ्याची जुजबी ठेवण असते. केस नसतात आणि कातडीही नसते. केस नाहीत हे पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, कातडीचे सहसा येत नाही, कारण कातडी म्हणजे नुसते आवरण असे आपण धरून चाललेलो असतो. हेल्मेटच्या चाचणीचा इतिहास हा बऱ्याच अंशी ही कातडी बाजूला ठेवल्याचा इतिहास आहे. ती बाजूला ठेवायला त्या काळी सबळ कारणे होती, हे आधीच मान्य केले पाहिजे. पण ती कारणे कातडीच्या एका गुणाला लागू पडतात, दुसऱ्याला नाही. आणि हेल्मेट घातल्यावर कामाला येतो तो नेमका दुसरा गुण.

हे दोन गुण कोणते ते शरीररचनेवरून कळते. डोक्याची त्वचा जाड असते. तिच्याखाली चरबी आणि तंतूंचा घट्ट विणलेला थर असतो, त्यातच रक्तवाहिन्या असतात. त्या तंतूंनी इतक्या ताणून धरलेल्या असतात की तुटल्या तरी मिटत नाहीत, म्हणून डोक्याला जरा खोक पडली तरी रक्ताची धार लागते. त्याखाली कपाळाचे स्नायू आणि मानेच्या वरचे स्नायू यांना जोडणारा चिवट पडदा. हे तीन थर एकमेकांना चिकटलेले, एकत्र हलणारे. या तिघांच्या खाली मात्र एक सैल, जाळीदार थर आहे आणि मग कवटीच्या हाडाला लगटलेले पातळ आवरण. डोक्याला तेल चोळताना बोटांखाली सारी कातडी कवटीवरून पुढेमागे सरकते, ती या सैल थरामुळे. गिरणीच्या पट्ट्यात केस अडकून होणाऱ्या अपघातांत कातडी निघून येते तीही याच थरातून. म्हणजे डोक्याची कातडी एकाच वेळी गादी आहे आणि सरकती चादरही आहे. शल्यवैद्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. हेल्मेट तपासणाऱ्यांनी त्यातली गादी मोजली, चादर मोजायची राहिली.

गंमत अशी की सुरुवातीला सरकण्याचाच विचार होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोक्याला मार लागलेले मोटारसायकलस्वार त्यांच्यापुढे सारखे येत. त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचे कडक टोप बनवून घेतले आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत स्वारांना ते घालावे लागले. या टोपाकडून गार्डनर यांच्या दोन अपेक्षा होत्या: जोराचा आघात सोसण्याइतका तो मजबूत हवा आणि आदळलेली वस्तू निसटून जाईल इतका गुळगुळीत हवा. आघात सोसणे आणि आघाताला बगल देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या डॉक्टरला बिनप्रयोगशाळेचे कळले होते. पुढच्या पन्नास वर्षांत पहिल्या अपेक्षेवर प्रचंड काम झाले. दुसरी मात्र हेल्मेटच्या बाहेरच्या पृष्ठभागापुरती उरली.

यानंतरचा टप्पा टी. ई. लॉरेन्सच्या मृत्यूपासून सांगायचा रिवाज आहे. अरबस्तानातल्या मोहिमांमुळे नाव झालेला हा माणूस १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमध्ये आपल्या ब्रफ सुपिरिअरवरून पडला आणि सहा दिवस बेशुद्ध राहून वारला. त्याला पाहायला बोलावलेल्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. केर्न्स यांनी पुढे ऑक्सफर्डमध्ये या विषयाचा पिच्छा पुरवला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले लोक मेले, हा आकडा त्यांनी १९४१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या लेखात मांडला. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांत हेल्मेट घातलेले फक्त सात होते आणि ते सातही जगले होते. सातांवरून सिद्धान्त काढणे आज कुणी खपवून घेणार नाही, पण त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. कथा इथे संपवली की ती छान वाटते. मला त्यातला अधिक महत्त्वाचा माणूस वाटतो तो केर्न्स यांच्यासोबत काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ, ए. एच. एस. होलबर्न. त्याने १९४३ मध्ये लॅन्सेटमध्ये एक छोटा लेख लिहिला. मेंदू दाबला जात नाही, पण त्याचा आकार सहज बदलतो. म्हणून सरळ धक्क्याने त्याचे फारसे बिघडत नाही, डोक्याला अचानक पीळ बसला की आतल्या आत थर एकमेकांवरून घसरतात आणि इजा होते, असा त्याचा युक्तिवाद. जिलेटिनचे मेंदू करून त्याने तो दाखवलाही. सरळ धक्का अगदीच निरुपद्रवी ठरवण्यात त्याने अतिशयोक्ती केली, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवले. पण पीळ महत्त्वाचा, हे त्याचे म्हणणे टिकून राहिले. हेल्मेटच्या मानकांत यायला मात्र त्याला पंचाहत्तरहून अधिक वर्षे लागली.

का लागली, त्याचे उत्तर डेट्रॉइटमध्ये आहे. मोटारींच्या त्या शहरात वेन विद्यापीठातले मेंदूचे शल्यवैद्य ई. एस. गुर्जियन आणि यंत्रशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट लिसनर यांनी १९३९ पासून कवट्या कशा फुटतात याचा अभ्यास चालवला. त्यांची पद्धत आजही वाचताना अंगावर काटा आणते. वाळलेल्या मानवी कवटीला ते एक ठिसूळ लाख फासत. विमानाचे आणि यंत्रांचे भाग कुठे ताणले जातात हे पाहायला कारखान्यांत वापरतात तीच लाख. मग कवटीवर घाव घालायचा. हाड फुटण्याआधीच लाखेला बारीक तडे जात आणि त्यांच्या नक्षीवरून कळे, की घाव बसला तिथे कवटी आत दबते आणि भोवती बाहेर फुगते, आणि भेग पुष्कळदा त्या फुगवट्यापासून सुरू होते. नंतर ते पूर्ण डोक्यांकडे वळले. मृतदेहाचे कातडीसकट डोके कठीण पृष्ठभागावर पडले तर सरळ भेग पडायला साधारण ४०० ते ९०० इंच-पौंड ऊर्जा लागते असे त्यांना आढळले. कातडी नसलेली सुकी कवटी याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जेत फुटे. यातला काही फरक सुक्या हाडाचा आणि आत मेंदू नसण्याचा, हे खरे. तरी मोठा वाटा त्या पाच-सात मिलिमीटर कातडीचा. ती घाव एका बिंदूवरून पसरवते आणि डोक्याला थांबायला काही मिलिमीटर जास्त देते. उघडे डोके दगडावर आपटते तेव्हा थांबायला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जागा असते. त्यात तीन-चारची भर पडली की सारा हिशेब बदलतो.

म्हणजे कातडीचे महत्त्व सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट ज्यांनी दाखवले, त्यांच्याच कामातून पुढे कातडीविना चाचणी उभी राहिली. १९६० मध्ये लिसनर आणि सहकाऱ्यांनी रसायनांत टिकवलेल्या मोजक्या मृतदेहांच्या कपाळांवर आघात करून एक वक्ररेषा काढली: किती त्वरण किती वेळ टिकले तर कवटीला भेग पडते. कवटी फुटलेल्या बहुसंख्य रुग्णांना मेंदूचा धक्काही बसलेला असतो, या दवाखान्यातल्या अनुभवावर भिस्त ठेवून भेग हीच मेंदूच्या इजेची खूण मानली गेली. मोटारीच्या सुरक्षेचे आणि हेल्मेटचे बहुतेक निकष थेट किंवा आडून याच रेषेतून आले. आता ही रेषा काढताना डोक्यांवर कातडी होती. रसायनांनी ताठरलेली का असेना, पण होती. ती रेषा हातात घेऊन ज्या धातूच्या डोक्यावर हेल्मेट जोखले गेले, त्याला कातडी नव्हती. मापपट्टी एका डोक्याची आणि मोजमाप दुसऱ्याचे, ही विसंगती कुणाला फारशी खटकली नाही.

न खटकण्यामागे एक सुज्ञ कारण होते आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मानक म्हणजे कायदा. लंडनला पास झालेले हेल्मेट मिलानला नापास होता कामा नये, आज पास झालेले उद्याही पास झाले पाहिजे. मऊ कातडीचे डोके दहा आघातांनी झिजते, थंडीत ताठरते, उन्हाळ्यात लिबलिबीत होते. धातूचे डोके हजाराव्या आघातालाही पहिल्यासारखेच वागते. शिवाय, असा आक्षेप घेतला जातो, कातडी नसलेले डोके अधिक कठोर असते. त्यावर जे हेल्मेट टिकले ते माणसाच्या डोक्यावर त्याहून चांगलेच वागेल, मग बिघडले कुठे? सरळ आघातापुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हेल्मेटमध्ये ३० ते ४० मिलिमीटर फोम असतो. पॉलिस्टायरिनचा हा फोम चिरडत जातो आणि डोके थांबवतो. १९५३ मध्ये अमेरिकेत हर्मन रॉथ आणि चार्ल्स लोंबार्ड यांनी असा चिरडणारा अस्तर-थर पेटंट केला तेव्हापासून कातडीची गादी म्हणून असलेली नोकरी जवळजवळ संपली. चाळीस मिलिमीटर फोम असताना पाच मिलिमीटर कातडीने हिशेबात पडणारा फरक किरकोळ. शर्यतपटू पीट स्नेल १९५६ मध्ये डोक्याला मार लागून मेल्यावर त्याच्या नावे पुढच्याच वर्षी संस्था निघाली, तिच्यासाठी डॉ. जॉर्ज स्नाइव्हली यांनी हेल्मेटे फोडून पाहिली आणि कठोर डोक्यावरच्या सरळ आघाताची पद्धत रुळली. या पद्धतीने किती कवट्या वाचवल्या याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

पण रस्त्यावर पडणारा माणूस क्वचितच सरळ खाली आदळतो. तो पुढे जात असतो. हेल्मेटचा खालचा भाग डांबराला घासतो, अडतो आणि हेल्मेट फिरू लागते. हेल्मेट डोक्याला घट्ट जखडलेले असेल तर डोकेही त्याच्याबरोबर फिरते, आणि मग होलबर्नचा पीळ मेंदूत उतरतो. हेल्मेट आणि डोके यांच्यात थोडे सरकले तर त्या फिरण्याचा काही भाग वाटेतच जिरतो. इथे कातडी दुसऱ्या भूमिकेत पुन्हा पुढे येते. फोमने तिचे गादीपण घेतले. सरकणे तिच्याकडेच राहिले. आणि या बाबतीत ‘कठोर डोके म्हणजे कडक परीक्षा’ हा आक्षेप टिकत नाही, कारण घर्षणाच्या बाबतीत कठोर आणि मऊ असा प्रश्नच नसतो. डमी डोके माणसाच्या डोक्यापेक्षा जास्त चिकट असेल तर परीक्षा एका बाजूला चुकते आणि जास्त निसरडे असेल तर दुसऱ्या बाजूला. सुरक्षित चूक अशी उरतच नाही.

दोन्ही चुका प्रत्यक्षात झाल्या आहेत. मोटारींच्या धडक चाचणीतली प्रसिद्ध हायब्रिड थ्री ही डमी घेऊन तिचे डोके हेल्मेटसाठी वापरायची पद्धत पडली. त्या डोक्याला कातडी आहे, पण ती व्हिनाइलची. डॅशबोर्डवर आपटण्यासाठी ठीक, पण हेल्मेटच्या अस्तराला ती रबरासारखी पकडते. २०१८ मध्ये डब्लिनमधल्या संशोधकांनी मानवी डोके आणि हेल्मेटचे अस्तर यांच्यातला घर्षणांक मोजला, तो ०.२९ च्या आसपास निघाला; व्हिनाइलच्या डोक्याचा त्याच्या दुपटीहून जास्त. उलट, उघड्या गुळगुळीत धातूचे डोके माणसाच्या डोक्याहून निसरडे ठरते. व्हिनाइलची ही पकड ठाऊक असल्याने काही प्रयोगशाळांनी डमीच्या डोक्यावर बायकांचे नायलॉनचे पायमोजे चढवायला सुरुवात केली. लाखो रुपयांच्या सेन्सरभोवती एक स्वस्त पायमोजा, हे दृश्य जरा हास्यास्पद असले तरी वैज्ञानिकदृष्ट्या त्यात काही गैर नव्हते.

या मोजमापाला व्यापाराची किनार आहे आणि ती लक्षात घेतली नाही तर वाद कळत नाही. १९९० च्या दशकात स्टॉकहोममध्ये कॅरोलिन्स्काचे मेंदूचे शल्यवैद्य हान्स फॉन होल्स्ट आणि अभियंता पीटर हाल्डिन यांनी हेल्मेटच्या आत एक पातळ सरकता थर बसवायची कल्पना काढली. मेंदूभोवतीच्या द्रवावर मेंदू थोडा सरकतो, त्याचा हा आदर्श, असे ते सांगत. तोच आज मिप्स नावाने सायकलच्या हेल्मेटांत सर्वत्र दिसणारा पिवळा थर. ब्रिटनमधल्या डॉ. केन फिलिप्स यांनी दुसरी दिशा धरली: डोक्याची कातडी जशी कवटीवरून सरकते तशी एक निसरडी, ताणणारी कातडी हेल्मेटच्या बाहेर लावायची. लेझर कंपनीचे ‘सुपरस्किन’ हेल्मेट त्यातून निघाले. बाजारात मिप्स जिंकले. आता चिकट व्हिनाइलच्या डोक्यावर तपासले तर आतल्या सरकत्या थराचा फायदा भरघोस दिसतो, कारण त्याशिवाय तिथे सरकायला काहीच नसते. माणसाच्या डोक्यावर मात्र कातडी आणि केस आधीच थोडे सरकत असतात. तिथे त्या थराचा फायदा कमी भरणार. म्हणून कोणते हेल्मेट चांगले या यादीतले क्रम डमीच्या कातडीवर अवलंबून राहतात. मिप्स निरुपयोगी आहे असे यातून निघत नाही, आणि तसे म्हणणारे घाई करतात. घट्ट बसलेल्या अस्तराखाली, घामट डोक्यावर, प्रत्येक कोनातून कातडी पुरेशी सरकेलच याची हमी कोण देणार? पण फायदा किती, हे सांगायचे तर आधी डमीला माणसाची कातडी द्यावी लागेल, एवढे मात्र निघते.

इथे शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो: माणसाची म्हणजे कोणाची? टक्कल असलेल्याची, वेणी घातलेलीची, दाट कुरळ्या केसांच्याची? प्रत्येकाचे घर्षण वेगळे, मग एक आकडा ठरवणे ही धातूच्या डोक्याइतकीच मनमानी नाही का? नाही, असे मला वाटते. ४.७ किलो वजनही कुणा एका माणसाचे नसते. ते अनेक डोक्यांमधून निवडलेले वजन आहे आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. वजन, घेर आणि गुरुत्वमध्य माणसावरून घ्यायचे आणि घर्षण मात्र ओतशाळेत जे हाती आले ते चालवून घ्यायचे, यात तर्क नाही, सवय आहे. मानक बनवणाऱ्यांनाही हे पटत गेलेले दिसते. युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या ईसीई २२.०६ मध्ये ४५ अंशांच्या तिरप्या, खरखरीत कागद लावलेल्या ऐरणीवर सेकंदाला ८ मीटर वेगाने आघात करून डोक्याचे फिरणेही मोजतात, मर्यादा १०,४०० रेडियन प्रति सेकंद वर्ग. होलबर्नचे म्हणणे असे एकदाचे कायद्यात आले. डोके मात्र धातूचेच राहिले. त्यापुढचे पाऊल युरोपच्या मानक संस्थेच्या कार्यगटाने टाकले: फिरण्याचे जडत्व माणसासारखे आणि पृष्ठभागाचे घर्षण ०.३ च्या जवळ असलेले नवे डोके. १९५० च्या दशकात बाजूला ठेवलेली कातडी अशी एका आकड्याच्या रूपाने परत आली.

भारतात हेल्मेटवर आयएसआय चिन्ह १ जून २०२१ पासून सक्तीचे आहे आणि आयएस ४१५१ हे मानक त्याच जुन्या, कठीण डोक्याच्या परंपरेतले आहे. पुण्यासारख्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध जे युक्तिवाद गेली कित्येक वर्षे ऐकू येतात, त्यांना इथल्या एकाही मुद्द्याचा आधार मिळत नाही. उघड्या डोक्यावरची कातडी रस्त्यापुढे किती पुरते ते डेट्रॉइटने दाखवून दिले आहे, आणि डोके एक मीटर उंचीवरून पडले तरी ४०० इंच-पौंडांची मजल गाठली जाते. डोके आणि आघात यांच्यामध्ये कापड असले तर काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडचा खराखुरा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने पगडी बांधलेल्या शिखांना सूट दिली आहे, ब्रिटनने १९७६ मध्ये दिली. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातल्या संशोधकांनी पगड्या डमी डोक्यांवर बांधून आघात केले, तेव्हा बांधण्याची पद्धत आणि कापड यांनी निकाल बदलतो, उघड्या डोक्यापेक्षा पगडी बरी, पण सायकलचे हेल्मेट तिच्याहून पुष्कळ सरस, असे दिसले. आपल्याकडे याहून कितीतरी जास्त लोक हेल्मेटच्या आत कापड घालतात: घाम टिपायला सुती रुमाल, धूळ आणि उन्हासाठी डोक्या-चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ, आणि त्याखाली तेल लावलेले केस. ०.३ घर्षणाचे नवे डोके भारतीय मानकात येईल तेव्हा त्यावर आधी नुसते हेल्मेट आणि मग रुमालासकट हेल्मेट, अशा दोन फेऱ्या घ्यायला वेगळे यंत्र लागणार नाही. रुमालाने सरकणे वाढले तर पीळ कमी होईल; पण त्याच रुमालाने माप सैल पडले तर पहिल्या आघातालाच हेल्मेट डोक्यावरून सुटू शकते. यातले कोणते पारडे जड, ते पुण्यातल्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळेत ऐरणीवरच ठरवता येईल.